‘कल्चर’च्या अहवालाला तीन दिवस का लागतात?

जिवाणूंचे संवर्धन ही प्रयोगशाळेतली गूढ विद्या आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती आपल्या स्वयंपाकघरात रोज रात्री चालते. दूध तापवायचे, ते कोमट होईपर्यंत थांबायचे, कालच्या दह्यातले चमचाभर विरजण त्यात कालवायचे, वर झाकण ठेवायचे आणि सकाळपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही. एवढ्या कृतीत जिवाणुशास्त्राची बहुतेक मूलतत्त्वे येऊन गेली. तापवल्यामुळे दुधातले अनाहूत जंतू बहुतांशी मरतात. दूध हे अन्न, विरजण हे बियाणे, कोमटपणा ही मानवणारी ऊब आणि झाकण हा बाहेरच्या जंतूंना मज्जाव. थंडीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की नाशिककरांच्या घरी दही लागेनासे होते आणि भांडे टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्यात जाते. प्रयोगशाळेत हेच काम इन्क्युबेटर नावाचे उबदार कपाट करते.

फरक एकच, पण तो मोठा आहे. घरी कोणते जिवाणू वाढवायचे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. प्रयोगशाळेला मात्र समोरच्या लघवीत, रक्तात किंवा पुवात कोण दडले आहे हे शोधायचे असते. तो सापडला की त्याचे नाव ठरवायचे असते. आणि नाव ठरल्यावर तो कोणत्या औषधाला नमतो हेही पाहायचे असते. पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘‘डॉक्टर, साखरेचा रिपोर्ट तासाभरात मिळतो, मग या कल्चरलाच तीन दिवस का?’’ दुसऱ्या दिवशी ताप उतरला की पुष्कळदा तो अहवाल आणायलाही कोणी जात नाही. पैसे भरलेले असतात, तंत्रज्ञाने तीन दिवस राबून उत्तर काढलेले असते आणि तो कागद लॅबच्या खणातच राहतो. त्या तीन दिवसांत काय घडते हे कळले, तर वाट पाहणे थोडे सुसह्य होईल, अशा आशेने हा लेख लिहीत आहे.

बटाट्यापासून चायना ग्रासपर्यंत

रसात किंवा सूपात जंतू वाढवणे सोपे आहे. उघड्यावर ठेवलेली आमटीसुद्धा ते करून दाखवते. अडचण अशी, की द्रवात सगळे जंतू एकमेकांत मिसळतात आणि रोग कोणामुळे झाला हे सांगता येत नाही. एका जातीला दुसरीपासून सुटे करायचे, तर त्यांना पळता येणार नाही असा घट्ट पृष्ठभाग हवा. जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी आरंभी उकडलेल्या बटाट्याचे काप वापरले. त्यावर पडलेला प्रत्येक जंतू जागच्या जागी वाढून त्याचा ठिपका, म्हणजे वसाहत, तयार होई. पण रोगजंतूंपैकी पुष्कळांना बटाटा रुचेना. मग कॉख यांनी मांसरसात जिलेटिन घालून तो गोठवून पाहिला. जिलेटिन शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशाला, वितळते आणि काही जंतू तर त्यालाच खाऊन पातळ करून टाकतात.

उत्तर सापडले ते एका गृहिणीकडे. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस पतीला कामात मदत करीत. तुमच्या जेली आणि पुडिंग उन्हाळ्यातही कशा टिकतात, असे पतीने विचारले, तेव्हा त्यांनी आगराचे नाव सांगितले. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्या हा पदार्थ शिकल्या होत्या. हे १८८१ साल. आगर समुद्री शेवाळापासून मिळते. ते उकळत्या पाण्यात विरघळते, ४० अंशांच्या आसपास गोठते आणि एकदा गोठले की ३७ अंशाला तसेच घट्ट राहते. बहुतेक जंतूंना ते पचवताही येत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून जी पांढरी पट्टी मिळते, तीच ही वस्तू. १८८२ साली क्षयाच्या जंतूवरील निबंधात कॉख यांनी आगराचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा मात्र केला नाही. १८८७ मध्ये त्यांचेच सहकारी रिचर्ड पेट्री यांनी त्यासाठी झाकणाची उथळ काचेची ताटली सुचवली आणि त्यांचे नाव ताटलीला चिकटून अजरामर झाले. ज्या पदार्थावाचून ती ताटली रिकामीच राहिली असती, त्याला मात्र फॅनीबाईंचे नाव कोणी दिले नाही. असो.

मुंबईचा प्लेग आणि तुपाचे थेंब

आपल्या राज्याला या शास्त्राची ओळख झाली ती मोठ्या संकटात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि जांघेत, काखेत गाठी येण्याचे रुग्ण दिसू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस तेथे खासगी व्यवसाय करीत आणि महापालिकेचे सभासदही होते. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले आणि ते उघडपणे मांडले. दवाखान्यात बसणाऱ्या एका डॉक्टरने केवळ डोळे, हात आणि अनुभव यांच्या बळावर हे ओळखले, याचा माझ्यासारखीला अभिमान वाटतो. परंतु अशा निदानाला पुरावा लागतो. बंदर बंद पडेल, व्यापार बुडेल या भीतीने ते मान्य करायला पुष्कळजण राजी नव्हते. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे जिवाणुतज्ज्ञ पटकीवरची लस घेऊन १८९३ पासून हिंदुस्थानात काम करीत होते. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईस पोहोचले आणि रुग्णांच्या नमुन्यांतून प्लेगचा जंतू दाखवून त्यांनी निदानावर शिक्कामोर्तब केले. हा जंतू त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता.

ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे एक लहान खोली आणि तिच्या लगतचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. लस बनवायची तर प्लेगचे जंतू अक्षरशः घाऊक प्रमाणात वाढवायला हवे होते. त्यांनी मोठ्या चंबूंत मांसरस भरला. गोमांस आणि वराहमांस या देशात कोणालाही टोचून घेववणार नाही, हे ओळखून तो बकऱ्याच्या मांसापासून केलेला असे. आणि त्या रसावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब सोडले. प्लेगच्या जंतूंना पृष्ठभागावर तरंगणारा आधार लागतो. तुपाच्या थेंबाला धरून ते खाली, रसात, लोंबत वाढतात. चंबू अजिबात हलू दिला नाही, तर काही दिवसांत तुपाखाली पांढरट झुंबरे लटकताना दिसतात, जशी चुनखडीच्या गुहेच्या छतावरून खडकांची टोके लोंबतात तशी. पुरेशी वाढ झाली की चंबू हलवायचा. झुंबरे तुटून तळाशी बसतात आणि तुपाला धरून नवी फुटू लागतात. असे अनेक आठवडे पीक काढायचे, मग सारा रस तापवून जंतू मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळायचे. ती झाली लस.

या युक्तीचे दोन गुण माझ्या मनात कायमचे ठसले आहेत. एक, प्लेगच्या जंतूला मानवणारे तापमान २७ अंशांच्या आसपासचे. मुंबईची हवा त्यापासून फार दूर नसते, त्यामुळे तिथली खोली हेच मोठे उबदार कपाट झाले. दुसरा गुण अधिक मोलाचा. ही लोंबती वाढ इतकी वैशिष्ट्यपूर्ण आहे, की ती दिसली म्हणजे चंबूत प्लेगचाच जंतू वाढतो आहे, भलता कोणी शिरलेला नाही, याची खूण पटे. म्हणजे संवर्धन आणि ओळख ही दोन्ही कामे एकाच तुपाच्या थेंबाने साधली. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी आम्ही अनंतनारायण आणि पणिकर यांचे जिवाणुशास्त्राचे पाठ्यपुस्तक वाचायचो, त्यात प्लेगच्या प्रकरणात ‘घी ब्रॉथ’ असा शब्द आला, तेव्हा सारा वर्ग हसला होता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोरड्या लॅटिन नावांत आपले तूप!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात, ज्या कैद्यांनी होकार दिला त्यांना ती देण्यात आली आणि टोचलेल्यांत प्लेगचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला, हे आपण सारे जाणतो. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

परंतु या कथेचा एक काळा अध्याय सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण तो थेट आपल्या विषयाचा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी टोचलेल्या १०७ जणांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर समोर आले ते असे : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बुचाला लावला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि वरवरच्या पुसण्याला ते दाद देत नाहीत. हाफकिन यांच्यावरील आरोप दूर व्हायला १९०७ उजाडले. निर्जंतुकपणा हा प्रयोगशाळेचा सोवळेपणा नव्हे, हे सांगायला मला या चिमट्याहून बोलके उदाहरण माहीत नाही.

पहिला दिवस : तुमच्या हातातली बाटली

आता आजच्या नाशिकमध्ये येऊ. तुम्हाला लघवीला जळजळ आहे, ताप आहे आणि डॉक्टरांनी ‘युरिन कल्चर’ लिहून दिले आहे. या तपासणीतील सर्वांत नाजूक पायरी लॅबमध्ये नव्हे, तुमच्या न्हाणीघरात पार पडते.

लॅबकडून मिळालेली रुंद तोंडाची निर्जंतुक डबीच वापरावी. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. ती डोळ्यांना स्वच्छ दिसते, जंतूंना नाही. हात साबणाने धुवावेत. स्त्रियांनी जागा पाण्याने पुढून मागे अशी स्वच्छ करावी, पुरुषांनी शिश्नाग्र धुवावे. लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, शेवटची पुन्हा सोडावी. पहिल्या धारेत मूत्रमार्गाच्या तोंडाशी नेहमी वास करणारे जंतू वाहून येतात आणि आपल्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये. नळी बसवलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये; परिचारिका तो नळीतून निर्जंतुक सुईने घेते.

आणि मग वेळ. ई. कोलाय हा मूत्रसंसर्गाचा सर्वांत नेहमीचा जंतू. अनुकूल परिस्थितीत तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तासाभरात आठ, दोन तासांत चौसष्ट, चार तासांत चार हजार शहाण्णव. म्हणून नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचावा. ते जमत नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा. चार अंशांच्या थंडीत ही वाढ थांबते आणि नमुना चोवीस तासांपर्यंत चालतो. दुधाच्या पिशवीशेजारी लघवीची डबी ठेवायला घरातल्या मंडळींचा जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे. झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ती एका कोपऱ्यात ठेवावी, एवढेच सांगते. गाडीच्या डिकीत एप्रिलच्या उन्हात तीन तास फिरलेला नमुना तपासण्यापेक्षा न तपासलेला बरा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या असतात, त्या घेऊन ‘फरक पडतो का पाहू’ म्हणणारे पुष्कळ. त्यांनी संसर्ग बरा होत नाही, मात्र जंतू इतके अर्धमेले होतात, की ताटलीवर उगवतच नाहीत. अहवाल येतो ‘वाढ नाही’, आणि आजार तर चालूच.

काचेची ताटली, तारेचे कडे

लॅबमध्ये तंत्रज्ञ एक बारीक तारेचे कडे ज्योतीत लालभडक होईपर्यंत तापवतो, निववतो आणि नमुन्यात बुडवतो. लघवीसाठीचे कडे ठरीव मापाचे असते. त्यात मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. ते ताटलीवर फिरवायचे. दुसऱ्या दिवशी शंभर वसाहती मोजल्या, तर मूळ लघवीच्या मिलिलिटरमागे एक लाख जंतू होते. ‘एक लाख’ हा आकडा तुमच्या अहवालात वारंवार दिसतो. बोस्टनचे एडवर्ड कॅस यांनी १९५०च्या दशकात दूषित नमुना आणि खरा संसर्ग यांतील सीमारेषा म्हणून तो मांडला. त्रास स्पष्ट असेल तर त्याहून कमी संख्याही डॉक्टर गांभीर्याने घेतात.

पुवासारख्या नमुन्यासाठी रेघा ओढण्याची पद्धत वेगळी. ताटलीच्या एका कडेला नमुना लावायचा, कडे पुन्हा जाळायचे, त्या जागेतून चार रेघा पुढे ओढायच्या. पुन्हा जाळायचे, पुन्हा ओढायच्या. दर वेळी जंतू विरळ होत जातात आणि शेवटच्या भागात एकेकटे पडतात. जिथे एकटा जंतू पडला, तिथे एकाच कुळाची वसाहत उगवते. फॅनीबाईंचे आगर नसते तर हे शक्य नव्हते.

ताटलीतले अन्नही विचारपूर्वक निवडलेले असते. मेंढीचे रक्त घातलेल्या आगरावर काही जंतू भोवतालचे रक्त विरघळवून पारदर्शक वलय उमटवतात. ‘चॉकलेट आगर’ नावाचा प्रकार आहे, त्यात चॉकलेट नसते. रक्त तापवल्यावर येणाऱ्या रंगामुळे ते नाव पडले. मॅकॉन्की आगरात पित्तक्षार, दुधातली साखर आणि एक रंगद्रव्य असते. पित्ताची सवय असलेले आतड्यातले जंतूच त्यावर सुखाने वाढतात. त्यांपैकी जे दुधातली साखर आंबवतात, त्यांच्या वसाहती गुलाबी होतात; जे आंबवत नाहीत, त्यांच्या फिकट राहतात. ई. कोलाय गुलाबी, टायफॉइडचा जंतू फिकट. एका ताटलीत गाळणीही झाली आणि ओळखीचा पहिला प्रश्नही विचारून झाला.

ताटल्या उपड्या करून इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. झाकणावर साचलेले वाफेचे पाणी वसाहतींवर ठिबकू नये म्हणून. तापमान ३५ ते ३७ अंश, मुदत अठरा ते चोवीस तास. इतका वेळ का? नुसत्या डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार व्हायला कोटीच्या घरात जंतू लागतात. वीस मिनिटांच्या हिशेबाने चोवीस वेळा दुप्पट झाले, की एकाचे दीड कोटीहून अधिक होतात. त्याला उत्तमातल्या उत्तम स्थितीतही आठ तास हवेत. प्रत्यक्षात जंतूला नव्या जागी रुळायलाही वेळ लागतो. इथे कोणी दिरंगाई करीत नसते. पहिला दिवस जंतूच्या वाढीतच जातो.

दुसरा दिवस : नाव काय, गाव काय

सकाळी ताटली बाहेर येते. अनुभवी तंत्रज्ञाला नजरेनेच पुष्कळ कळते. शेंबडासारखी लिबलिबीत, मोठी गुलाबी वसाहत म्हणजे क्लेबसिएला असावा. रक्ताच्या आगरावर लाटांसारखी पसरत गेलेली वाढ प्रोटियसची. हिरवट छटा आणि गोडसर वास सूडोमोनासचा. पण नजर ही साक्ष नव्हे.

पहिली साक्ष रंगाची. १८८४ मध्ये डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी बर्लिनमध्ये शोधलेली रंजनपद्धत आजही वापरतात. काचपट्टीवर जंतूंचा पातळ थर वाळवून त्यावर जांभळा रंग ओततात, मग आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी लाल रंग. आयोडीनचे काम येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांना चटकन समजेल : रेशमावर नैसर्गिक रंग पक्का बसावा म्हणून तुरटी लावतात, तसे ते जांभळ्या रंगाला घट्ट धरते. ज्या जंतूंचे कवच जाड, ते अल्कोहोलने धुतल्यावरही जांभळे राहतात. त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यांचे कवच पातळ, त्यांचा जांभळा रंग निघून जातो आणि ते शेवटच्या रंगाने गुलाबी दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. विद्यार्थिदशेत आमची बोटे आठवडाभर जांभळी असायची. ही तपासणी पाच मिनिटांची, पण कोणत्या गटाचे औषध चालेल याचा पहिला कौल तीच देते.

त्यानंतर रसायनांची प्रश्नोत्तरे. वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि बुडबुडे उसळले, तर गळवांमध्ये आढळणारा स्टॅफिलोकॉकस असू शकतो. बुडबुडे आले नाहीत तर त्याचा चुलतभाऊ स्ट्रेप्टोकॉकस. रक्तरसाची गुठळी करणारा स्टॅफिलोकॉकस अधिक उपद्रवी. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंसाठी लहान नळ्यांची रांग असते. एका नळीत लाल वलय उमटते का, दुसरीतला हिरवा रंग निळा होतो का, तिसरी गुलाबी होते का. ई. कोलाय लाल वलय देतो, हिरव्याचा निळा करत नाही आणि तिसरी नळी गुलाबीही करत नाही. प्रोटियस ही तिसरी नळी काही तासांतच गडद गुलाबी करून टाकतो. मोठ्या प्रयोगशाळांत हे सारे आता यंत्र करते आणि काही ठिकाणी तर जंतूच्या प्रथिनांचे वजन मोजून काही मिनिटांत नाव सांगते. तरीही जंतू आधी वाढवावा लागतोच. ते काम यंत्र त्याच्या वतीने करू शकत नाही.

तिसरा दिवस : वलये

याच जंतूचा पातळ, सारखा थर दुसऱ्या एका आगराच्या ताटलीवर पसरून त्यावर प्रतिजैविकांत भिजवलेल्या टिकल्या ठेवतात. सहा मिलिमीटरच्या या कागदी टिकल्यांमधून औषध भोवती झिरपते. जंतू त्या औषधाला घाबरत असेल, तर टिकलीभोवती स्वच्छ, मोकळे वलय राहते; जुमानत नसेल, तर तो टिकलीला भिडून वाढतो. १९६६ मध्ये कर्बी, बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला प्रमाणबद्ध रूप दिले. वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तो ठरीव तक्त्याशी ताडतात आणि अहवालात एस, आय किंवा आर लिहितात. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधला. मात्रा वाढवून किंवा औषध जिथे एकवटते अशा अवयवात त्याचा उपयोग होऊ शकतो.

इथे एक गैरसमज सांगायलाच हवा. सर्वांत मोठे वलय म्हणजे सर्वांत जोरदार औषध, असे समजून अहवाल हातात घेऊन थेट औषधाच्या दुकानात जाणारे लोक मी पाहिले आहेत. वलयाचा आकार औषध आगरात किती वेगाने पसरते यावरही अवलंबून असतो. एका औषधाला पंधरा मिलिमीटर पुरेसे असतात, दुसऱ्याला वीसही कमी. शिवाय मूत्रपिंडाची ताकद, गर्भारपण, इतर औषधे हे त्या कागदावर लिहिलेले नसते. यादीतले सर्वांत महागडे इंजेक्शन निवडण्यासाठी हा अहवाल नसतो. साध्या गोळीला एस असेल, तर साधी गोळीच द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

अहवाल येईपर्यंत डॉक्टर हात बांधून बसत नाहीत. आजार गंभीर असेल तर नमुना घेताच अंदाजाने औषध सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी ते पुढे चालवायचे, बदलायचे की थांबवायचे हे ठरते. म्हणून बरे वाटले तरी अहवाल दाखवायला यावे. पुढच्या वर्षी पुन्हा त्रास झाला, तर मागच्या वेळचा जंतू कोण होता, हा कागदच सांगतो.

‘तीन किंवा अधिक प्रकारच्या जंतूंची मिश्र वाढ’ असे लिहून आले, तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो, पुन्हा द्यावा. आणि कसलाच त्रास नसताना केलेल्या तपासणीत जंतू सापडले, तर वृद्ध स्त्रिया, मधुमेही, नळी असलेले रुग्ण यांना बहुतेक वेळा उपचाराची गरज नसते. गर्भवती स्त्री हा याला ठळक अपवाद. तिला त्रास नसला तरी उपचार करतात, कारण दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचू शकतो.

टायफॉइडचा हट्ट

पावसाळ्यात चार दिवस ताप राहिला, की ‘विडाल करून घेऊ का?’ असे लोक स्वतःच विचारतात. फर्नांद विडाल यांची ही चाचणी १८९६ ची, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्याच वर्षाची. ती जंतू शोधत नाही; रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी नसतात, त्यामुळे टायफॉइड असूनही उत्तर नकारार्थी येऊ शकते. उलट जुना संसर्ग, लसीकरण किंवा भलताच ताप यांमुळे ती होकारार्थीही येते. आपल्याकडे या एका चाचणीच्या जोरावर किती जणांना नसलेल्या टायफॉइडचे औषध मिळाले असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. रक्ताचे कल्चर नेमके याच पहिल्या आठवड्यात सर्वाधिक उपयोगी पडते. मात्र रक्तात जंतू विरळ असतात, म्हणून प्रौढ व्यक्तीचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत लागते. ‘एवढे रक्त?’ म्हणून कुरकुर करू नये. बाटली यंत्रात बसते, जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू यंत्राला कळतो आणि पाच दिवसांत काहीच उगवले नाही, तरच नकारार्थी उत्तर देतात.

क्षयाचा जंतू याहून संथ. तो पंधरा ते वीस तासांत एकदा दुप्पट होतो. त्याला अंडी घातलेले खास अन्न लागते आणि त्यावर वाढ दिसायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. आता जनुकीय चाचणी काही तासांत निदान देते, तरी औषधांचा परिणाम पडताळण्यासाठी संवर्धन सुटलेले नाही. कुष्ठरोगाच्या जंतूने तर दीडशे वर्षे सगळ्या प्रयोगशाळांना झुलवले आहे. कोणत्याही कृत्रिम अन्नावर तो आजवर उगवलेला नाही. संशोधनासाठी त्याला उंदराच्या पायात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवावे लागते.

शेवटी मुलांसाठी थोडे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घरी जंतू वाढवण्याचा प्रयोग पालक अनेकदा विचारतात. चायना ग्रास, थोडे साखर-मीठ आणि डाळीचे गाळलेले पाणी उकळून, झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ओतून गोठवले, की काम भागते. एका डब्यात न धुतलेले बोट टेकवावे, दुसऱ्यात साबणाने वीस सेकंद धुतलेले, तिसरा तसाच ठेवावा. डबे चिकटपट्टीने बंद करून घरातल्या उबदार कोपऱ्यात दोन-तीन दिवस ठेवावेत. थुंकी, जखम, शौचालय यांतले नमुने मुळीच लावू नयेत. एकदा पट्टी लावली की झाकण पुन्हा उघडायचे नाही. काय उगवले ते बाहेरूनच पाहायचे, मोजायचे, वहीत काढायचे. प्रदर्शन संपल्यावर मोठ्या माणसाने हातमोजे घालून, बादलीतल्या ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवूनच डबा उघडावा, रात्रभर तसाच राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा.